दुःखाचा हिशेब : काशीच्या कथा शोक कसा उभा करतात

काशीला ऐंशीहून अधिक घाट आहेत, पण प्रेते जळतात ती मुख्यतः दोनच घाटांवर. एक मणिकर्णिका, दुसरा हरिश्चंद्र. दिवसरात्र, बाराही महिने. मणिकर्णिकेच्या आसपास लाकडांच्या राशी रचलेल्या असतात. तिथे मोठ्या तराजूत लाकूड तोलतात, भाव सांगतात, घासाघीस होते. अग्नी घरून आणायचा नसतो. प्रेते जाळणाऱ्या डोमांच्या अखंड पेटत्या धुनीतून तो घ्यायचा आणि त्याचे पैसे वेगळे मोजायचे. डोके भादरलेला, पांढरे वस्त्र नेसलेला मुलगा बापाला जाळण्यासाठी भाव ठरवत उभा असतो, आणि आजूबाजूला रडण्याचा आवाज जवळजवळ नसतो. घाटावर रडू नये असा तिथला रिवाज आहे. बायकांनी घाटावर येऊ नये हाही जुना रिवाज, आणि त्याचे कारणही हेच सांगतात. याज्ञवल्क्य स्मृतीत तर म्हटले आहे की नातेवाइकांचे अश्रू मेलेल्याला इच्छा नसताना प्यावे लागतात, म्हणून रडू नये, पुढची कर्मे करावीत.

या घाटावर नवखा माणूस तासभर बसला की त्याचे मन बधिर होऊ लागते. चिता एकामागून एक पेटत राहतात. पण यांतल्या एका घाटाला ज्याचे नाव आहे त्या राजाची कथा गावच्या देवळात कीर्तनकाराने लावली की समोर बसलेल्या बायका पदराने डोळे टिपतात आणि पुरुष खाली मान घालतात. कथा सगळ्यांना पाठ असते, शेवट गोड आहे हेही ठाऊक असते, तरी रडू येते. खऱ्या मरणासमोर मख्ख राहिलेला माणूस कथेतल्या मरणाने का हलतो आणि कथा त्याला नेमके कुठे धरते, हे या लेखात टप्प्याटप्प्याने पाहायचे आहे. त्यासाठी काशीत घडणारे आणि काशीच्या लेखकांनी लिहिलेले साहित्य घेतले आहे, कारण कौटुंबिक दुःखाची इतकी मोठी आणि इतकी जुनी परंपरा एका गावाभोवती क्वचितच सापडते.

माझ्या मते या परंपरेची सर्वांत मोठी ताकद एका गोष्टीत आहे. हे लेखक शोकासाठी शोकाच्या शब्दांवर विसंबत नाहीत. ते व्यवहार मांडतात. किंमत, दक्षिणा, कर, हुंडा, कापडाचे पैसे. माणूस मेला आहे आणि तरी हिशेब थांबत नाही, ही गोष्ट वाचकाच्या छातीत घाव घालते.

सुरुवात हरिश्चंद्रापासूनच करू, पण आपल्या ओळखीच्या हरिश्चंद्रापासून नव्हे. त्याची फार जुनी कथा ऐतरेय ब्राह्मणात आहे आणि तीत सत्यवचनी राजा नाहीच. तिथला हरिश्चंद्र निपुत्रिक आहे. तो वरुणाला नवस बोलतो की मुलगा झाला तर तुलाच बळी देईन. मुलगा होतो, त्याचे नाव रोहित. बाप आज-उद्या करत राहतो, आणि मोठा झाल्यावर मुलगा रानात पळून जातो. वर्षानुवर्षे भटकताना त्याला अजीगर्त नावाचा उपाशी ब्राह्मण भेटतो. त्याला तीन मुलगे. त्यांतला एक माझ्या बदल्यात बळी द्यायला दे, शंभर गाई देतो, असे रोहित म्हणतो. थोरल्याला बाप सोडत नाही, धाकट्याला आई सोडत नाही. मधला शुनःशेप विकला जातो. पुढे यज्ञात त्याला यूपाला बांधायला कोणी तयार होत नाही, तेव्हा आणखी शंभर गाई घेऊन बाप स्वतःच बांधतो. मारायलाही कोणी पुढे येत नाही, तेव्हा तिसरे शंभर घेऊन बाप सुरा परजत उभा राहतो.

या कथेत मुलाच्या वेदनेचे वर्णन जवळजवळ नाही. शंभर, आणखी शंभर, आणखी शंभर, एवढेच आहे. पण थोरला बापाचा आणि धाकटा आईचा, या वाटणीत मधल्याचे सगळे आयुष्य सांगून होते. तीन भावंडांत मधले असलेल्या कोणालाही हे वाक्य विसरता येणार नाही. शेवटी शुनःशेप देवांची स्तुती करून सुटतो, बापाकडे परत जायला नकार देतो, आणि विश्वामित्र त्याला आपला मुलगा मानतो.

हाच विश्वामित्र मार्कंडेय पुराणात उलट्या जागी उभा आहे. तिथे तो छळणारा आहे. राजा हरिश्चंद्र त्याला सगळे राज्य देऊन बसतो, आणि मग ऋषी विचारतो, राजसूय यज्ञाची दक्षिणा कुठे आहे? राज्य गेले तरी देणे उरले. महिन्याची मुदत मिळते. राजा बायको आणि मुलगा घेऊन काशीला येतो, कारण काशी शिवाची, ती कोणा माणसाच्या मालकीची नाही, म्हणजेच दान केलेल्या राज्यात ती येत नाही. पाहतो तर विश्वामित्र आधीच तिथे हजर. मुदत आजच संपते.

इथून कथेची बांधणी नीट पाहण्यासारखी आहे. राजावर एकदम आकाश कोसळत नाही, त्याच्याकडचे एकेक काढून घेतले जाते. आधी राज्य जाते. मग बायको. स्वतःला विकण्याची गोष्ट ती आपण होऊन काढते, आणि ते ऐकून राजा मूर्च्छित पडतो. तिला एक म्हातारा ब्राह्मण विकत घेतो आणि ओढत नेऊ लागतो. लहान मुलगा आईचे वस्त्र धरून ठेवतो, सोडत नाही. मालक त्याला झिडकारतो. आई विनवते की यालाही घ्या, याच्याशिवाय माझ्या हातून तुमचे काम होणार नाही. ब्राह्मण आणखी पैसे टाकून मुलगाही घेतो. दोघांच्या विक्रीचे पैसे राजा ऋषीपुढे ठेवतो, आणि ऋषी म्हणतो, एवढ्याने भागत नाही. मग राजा स्वतःला चांडाळाला विकतो.

प्रत्येक पायरीवर वाचकाला वाटते की आता फिटले. प्रत्येक पायरीवर बाकी निघते. या बाकी निघण्यातून कथेला वेग येतो. रडण्याला कथा जागाच देत नाही. राजाने दुःख करायला बसावे तर मुदत संपत आलेली आहे. आपल्या मराठी घरांत कर्ता माणूस गेल्यावर तेराव्याच्या आत सावकार, बँक किंवा भाऊबंद दारात उभे राहिलेले ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हा वेग ओळखीचा वाटेल.

मग राजा स्मशानात कामाला लागतो. प्रेतांवरची वस्त्रे गोळा करायची, कर घ्यायचा. एवढा वाटा राजाचा, एवढा मालकाचा, एवढा आपला, हे त्याच्या डोक्यात सतत चालू. त्याची जटा वाढते, अंग राखेने माखते, तो ओळखू येईनासा होतो. हे वर्णन पुराणात लांबलचक आहे. वाचताना कंटाळा येण्याइतके लांब. पण ते अनाठायी नाही, कारण पुढच्या प्रसंगात नवरा-बायकोने एकमेकांना न ओळखणे यावरच सगळे टेकलेले आहे.

मुलाला साप चावतो. देवीभागवतातली कथा इथे आणखी निष्ठुर होते. आधी घरचे काम उरक, मग मुलाकडे जा, असे मालक आईला सांगतो, आणि ती मध्यरात्री सुटते. मुलाचे प्रेत घेऊन ती स्मशानात येते. राखणदार पुढे होतो. त्याला दिसते ते एक अनोळखी मूल, पण अंगावर राजलक्षणे असलेले. त्याच्या मनात येते की आपला रोहिताश्व आज एवढाच असेल. वाचकाला सगळे माहीत आहे, बापाला नाही. थोड्याच वेळाने ती बाई नवऱ्याचे नाव घेऊन विलाप करते आणि तेव्हा त्याला कळते. तिला त्यानंतर.

ओळख पटण्याचा हा क्षण ग्रीक नाटकांच्या अभ्यासकांना फार महत्त्वाचा वाटतो. नशीब उलटण्याचा क्षण आणि ओळख पटण्याचा क्षण एकच असेल तर परिणाम सर्वांत मोठा होतो, असे ॲरिस्टॉटलने सांगितले आहे. हरिश्चंद्राच्या कथेत मात्र नशीब कधीच उलटून गेले आहे. ओळख पटते तेव्हा गमावण्यासारखे एकच उरलेले असते, शब्द. पुराणात पतिपत्नी मुलाच्या चितेवर जळून जायचे ठरवतात. नाटककारांनी इथे एक फरक केला, आणि माझ्या मते तो भारतीय रंगभूमीवरच्या सर्वांत भेदक प्रसंगांपैकी एक आहे. ओळख पटल्यानंतरही राखणदार प्रेतवस्त्र मागतो.

क्षेमीश्वराच्या 'चंडकौशिक' या संस्कृत नाटकात ही मागणी आहे. काशीच्या भारतेंदु हरिश्चंद्रांनी 1875 मध्ये 'सत्य हरिश्चंद्र' लिहिले त्यात ती फार धारदार झाली. बायकोकडे पैसे नाहीत, मुलाला झाकायला वेगळे कापड नाही, आपल्याच वस्त्रात तिने त्याला गुंडाळून आणले आहे. नवरा म्हणतो, मालकाचा हक्क सोडता येत नाही, निम्मे कापड दे. ती फाडायला लागते. त्याच क्षणी देव प्रकट होतात.

किती लहान वस्तू आहे ही! अर्धे फाडके. राज्य दिले, बायको विकली, मुलगा गेला, त्यापुढे हातभर कापडाची किंमत ती काय? पण प्रेक्षक कोसळतो तो इथेच. राज्य जाण्याचे दुःख आपल्याला कल्पनेने करावे लागते. मुलाच्या अंगावरचे कापड मात्र प्रत्येक आईने हाताळलेले आहे. शिवाय इथे सत्य आणि माया समोरासमोर येतात ती एका वस्तूत, वादविवादात नाही. मोठे दुःख दाखवायला लहान वस्तू लागते, हे भारतेंदूंना पक्के कळले होते. या लेखकाने स्वतः लहानपणीच आई आणि वडील दोघांनाही गमावले होते. काशीच्या धनाढ्य घराण्यात जन्म, सढळ हाताने खर्च आणि दान, आणि वयाच्या चौतिसाव्या वर्षी 6 जानेवारी 1885 रोजी मृत्यू.

देव आले, मूल उठले, राज्य परत मिळाले. मग हा शोक खरा कसा? हा आक्षेप नेहमी घेतला जातो. संस्कृत नाटकांना शोकान्त जमलाच नाही असेही म्हणतात. मला हे पटत नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात एक बारीक भेद केलेला आहे. वियोग झाला पण भेटीची आशा आहे, तर तो विप्रलंभ शृंगार. आशाच उरली नाही, तर तो करुण. म्हणजे करुण ठरतो तो पात्राच्या मनातल्या आशेवर, गोष्टीच्या शेवटच्या पानावर नव्हे. कापड फाडणाऱ्या आईला देव येणार हे माहीत नाही. तिच्या बाजूने ते दुःख पूर्ण आहे. देव येतात तोवर आपले अश्रू वाहून गेलेले असतात आणि ते कोणी परत घेऊ शकत नाही. भवभूतीने 'उत्तररामचरिता'त करुणालाच सर्व रसांचे मूळ मानले आणि तरीही शेवटी राम-सीतेची भेट घडवली. त्यामुळे आधीच्या अंकांतला शोक कोणालाही खोटा वाटत नाही.

दुसऱ्याचे दुःख वाचून समाधान का वाटते, यावर मराठीत बरेच लिहिले गेले. न. चिं. केळकरांनी सविकल्प समाधीची कल्पना मांडली. वाचक पात्राशी एकरूप होतो, पण आपले स्वतःचे भान पूर्ण सोडत नाही, आणि या दुहेरी अवस्थेत आनंद आहे, असा तिचा गाभा. घाटावर आपल्याच माणसाची चिता पेटलेली असताना ही दुहेरी अवस्था शक्य नसते. तिथे एकच आयुष्य असते, आपले. कथेत दोन मिळतात. शोक घरात सोसायचा असतो आणि करुण कथेत भोगता येतो, असा हा फरक आहे.

ही कथा मराठीत केव्हापासून रुजली आहे ते आपल्या नावांवरून कळते. हरिश्चंद्राची राणी, मूळची शैव्या, आपल्याकडे तारामती झाली, रोहिताश्वाचा रोहिदास झाला, आणि डोंबाघरी पाणी भरणारा राजा ही बोलीभाषेतली ओळख झाली. एकनाथांनी आपले भागवत काशीत 1573 मध्ये पुरे केले. त्यांच्या मुलीचा मुलगा मुक्तेश्वर याने हरिश्चंद्राख्यान रचले, आणि कीर्तनाच्या उत्तररंगात हे आख्यान शतकानुशतके रंगत राहिले. 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्यात दत्तात्रय दामोदर दाबके राजा होते, तारामती अण्णा साळुंके या पुरुष नटाने केली, आणि रोहिदास होता फाळक्यांचा स्वतःचा मुलगा भालचंद्र. कथेत मरणारे मूल रंगवायला बापाने पोटचे पोर कॅमेऱ्यापुढे उभे केले. 1932 मध्ये प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'त दुर्गा खोटे तारामती झाल्या आणि मराठी बोलपटाची सुरुवातही याच कुटुंबाच्या वाताहतीने झाली. फाळक्यांच्या आयुष्यात त्याआधीच एक योग असा जुळला होता की चित्रपट कंपनीतल्या भागीदारांशी बिनसल्यावर फाळके कुटुंबासह काशीलाच जाऊन राहिले आणि तिथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले.

गांधीजींनीही लहानपणी हरिश्चंद्राचे नाटक पाहिले होते आणि ते मनात पुन्हा पुन्हा घडत राहिले, असे त्यांनी आत्मकथेत सांगितले आहे. त्यांनी त्यातून सत्य घेतले. पण काशीच्याच परिसरातल्या एका लेखकाने त्यातून कापड उचलले, असे मला वाटते.

हा लेखक म्हणजे प्रेमचंद. मूळ नाव धनपतराय, जन्म 31 जुलै 1880, काशीजवळच्या लमही गावात. आई लहानपणी गेली, घरात सावत्र आई आली, कोवळ्या वयात लग्न झाले आणि ते मोडले. 1906 मध्ये त्यांनी शिवरानी देवी या बालविधवेशी लग्न केले. 'कफन' ही त्यांची कथा आधी उर्दूत 1935 मध्ये आली आणि दुसऱ्या वर्षी हिंदीत. 8 ऑक्टोबर 1936 रोजी ते गेले, म्हणजे ही अगदी शेवटच्या काळातली कथा.

हिवाळ्याची रात्र. झोपडीच्या दाराशी घीसू आणि त्याचा मुलगा माधव विझत चाललेल्या शेकोटीजवळ बसले आहेत. आत माधवची बायको बुधिया बाळंतवेणांनी तळमळते आहे. दुसऱ्याच्या शेतातून उपटून आणलेले बटाटे हे दोघे राखेत भाजून खात आहेत. आत जाऊन तिला पाहून ये, असे बाप म्हणतो. मुलगा जात नाही. कारण तो आत गेला तर बाप जास्त बटाटे खाईल.

मला या ठिकाणी दर वेळी थांबावे लागते. लेखकाने बुधियाला एकही वाक्य बोलायला दिलेले नाही. जिवंतपणी तिचा चेहरा दाखवलेला नाही. तिच्या मरणाची सगळी भीषणता भाजलेल्या बटाट्यांच्या वाटणीत आहे. घाईघाईने खाताना तोंड भाजते, डोळ्यांत पाणी येते, आणि त्या क्षणी झोपडीतले एकमेव अश्रू तेवढेच. लेखकाने यावर काहीही भाष्य केलेले नाही. वाचकाला स्वतःहून ते लक्षात येते, आणि मग ते सोडत नाही.

सकाळी बुधिया मेलेली असते. बापलेक छाती पिटत जमीनदाराकडे जातात, तो दोन रुपये टाकतो. गावातून गोळा करून तासाभरात पाच रुपये होतात. दोघे बाजारात कफन आणायला निघतात. या दुकानातून त्या दुकानात जातात, कापड पाहतात, पसंत पडत नाही. जळून जाणाऱ्या वस्त्रावर पैसे घालवायचे कशाला, असे बोलत बोलत पाय गुत्त्याकडे वळतात. दारू, पुऱ्या, तळलेले पदार्थ. पोट भरल्यावर उरलेल्या पुऱ्या ते भिकाऱ्याला देतात आणि देण्याचे सुख आयुष्यात पहिल्यांदा अनुभवतात. मेलेलीला दुवा देतात, रडतात, गातात, नाचतात, आणि शेवटी तिथेच कोसळतात.

हरिश्चंद्राच्या कथेत बाप प्रेतवस्त्र मागतो आणि त्यातून त्याचे सत्य सिद्ध होते. इथे दोघे प्रेतवस्त्र पिऊन टाकतात आणि त्यातून सगळ्या व्यवस्थेचे असत्य उघडे पडते. तिथे कापड फाटायच्या आत देव येतात, इथे कोणी येत नाही. भुकेने आणि फुकटच्या राबणुकीने माणसातले माणूसपण कसे खरवडून निघते, हे 'कफन' रागावून सांगत नाही. पाच रुपये कसे जमले आणि कसे संपले, एवढाच जमाखर्च ती मांडते. जिवंत असताना औषधाला कोणाकडून दिडकी मिळाली नाही आणि मेल्यावर तासाभरात पाच रुपये मिळाले, हे त्या जमाखर्चातले पहिले कलम.

प्रेमचंदांच्या दोन कादंबऱ्यांबद्दल थोडक्यात सांगतो. 'निर्मला' 1925-26 मध्ये 'चांद' मासिकात क्रमशः येत होती. वडिलांचा खून झाला, हुंड्याची रक्कम नाहीशी झाली, ठरलेले लग्न मोडले, आणि पंधरा वर्षांची मुलगी तीन मुलांचा बाप असलेल्या वकील तोताराम यांच्या घरी पडली. थोरला सावत्र मुलगा जवळजवळ तिच्याच वयाचा. नवऱ्याच्या मनातल्या संशयाने घर आतून पोखरत जाते. थोरला झुरून मरतो, मधला दागिने चोरून आत्महत्या करतो, धाकटा साधूबरोबर निघून जातो. खलनायक शोधायला गेले तर सापडत नाही. संशय घेणारा नवराही आतून पिळवटलेला आहे. कौटुंबिक शोकाची ही फार अवघड जात आहे. कोणी वाईट नाही आणि सगळे उद्ध्वस्त. प्रेमचंद त्यासाठी पुन्हा पैशाकडेच जातात. हुंडा असता तर यातले काहीच घडले नसते, हे वाचक विसरू शकत नाही. 1936 च्या 'गोदान'मध्ये तर आयुष्यभर एका गाईसाठी झुरलेला होरी मरताना गोदानाची वेळ येते, आणि बायको धनिया सुतळी विकून आलेले वीस आणे पुढे करते. घरात गाय नाही, वासरू नाही, पैसे नाहीत, एवढेच आहेत. त्यानंतर कादंबरीला आणखी काही बोलायचे नाही.

प्रेमचंदांच्या स्वतःच्या मरणाचे आणि संसाराचे चित्र शिवरानी देवींनी 'प्रेमचंद : घर में' या पुस्तकात काढले. ते 1944 मध्ये आले. मोठ्या लेखकाची बायको म्हणून लिहिलेले गौरवाचे शब्द त्यात शोधू नयेत. त्यात भांडणे आहेत, रुसवे आहेत, आजारपणातली शुश्रूषा आहे, घरातले बोलणे जसेच्या तसे आहे. आपल्या लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ज्यांना जिवाभावाची वाटतात त्यांना हे पुस्तक परके वाटणार नाही.

आता ज्या प्रश्नाला बगल देता येणार नाही तो प्रश्न. हरिश्चंद्राच्या कथेत राजा डोमाचा चाकर होतो, हे दुःखाचे टोक मानलेले आहे. मग ज्यांचा जन्मच त्या घरात झाला, ज्यांच्या पिढ्या त्या धुनीजवळ गेल्या, त्यांच्या दुःखाचे काय? राजाला देव सोडवायला आले. डोमाच्या मुलाला कोण आले? कथा हा प्रश्न विचारत नाही. 'कफन'वरही ओमप्रकाश वाल्मीकींसारख्या दलित लेखकांनी कडक आक्षेप घेतला. घीसू-माधव चांभार दाखवले आहेत, आणि बायको मरत असताना बटाटे खाणारी माणसे म्हणून एका अख्ख्या समाजाची प्रतिमा रंगते, असे त्यांचे म्हणणे. मी 'कफन' थोर कथा मानतो आणि हा आक्षेपही खरा मानतो. बुधियाला लेखकाने बोलू दिले नाही, यात कलेचा संयम आहे, पण कादंबरी-कथांतून अशा बाया पिढ्यान्‌पिढ्या मुक्याच राहिल्या, हेही तितकेच खरे.

याचे उत्तर आतून आले. आझमगढ जिल्ह्यातल्या दलित घरात जन्मलेले तुलसी राम पुढे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्यांच्या आत्मकथेचा पहिला भाग 'मुर्दहिया' 2010 मध्ये आला. मुर्दहिया म्हणजे त्यांच्या गावची स्मशानभूमी, जिच्याशी गावच्या दलितांचे सगळे जगणे बांधलेले होते. दुसऱ्या भागाचे नाव 'मणिकर्णिका'. त्यात काशीतले विद्यार्थिदशेचे दिवस आहेत. लहानपणी देवी आल्या आणि त्यांचा एक डोळा गेला. मग घरच्याच माणसांनी त्यांना अपशकुनी ठरवले. हे सांगताना तुलसी राम आवाज चढवत नाहीत. त्यांच्या पुस्तकात स्मशान ही राजाला अधोगती दाखवायची जागा राहत नाही. तिथे गुरे चरतात, माणसे ये-जा करतात, मुले वाढतात. दुःख आहेच, पण ते कोणा थोराच्या परीक्षेसाठी रचलेले नाही. दया पवारांचे 'बलुतं' 1978 मध्ये आल्यापासून मराठी वाचकाला हा सूर ओळखीचा आहे. हिंदीत तो नंतर पोचला, आणि काशीच्या बाबतीत मला तो हरिश्चंद्राच्या कथेची राहून गेलेली बाजू वाटतो.

एक बंगाली उदाहरण घेतल्याशिवाय काशीबद्दल बोलणे पुरे होत नाही. विभूतिभूषण बंद्योपाध्यायांच्या 'पथेर पांचाली'त (1929) मुलगी दुर्गा गेल्यावर हरिहर कुटुंब घेऊन काशीला येतो आणि तिथे मरतो. सत्यजित राय यांनी 'अपराजितो' (1956) मध्ये हा मृत्यू दाखवला. पहाटे बापाला गंगाजल हवे असते, लहान अपू ते आणतो, सर्वजया नवऱ्याच्या तोंडात पाणी घालते, मान कलते, आणि पुढच्याच क्षणी कबुतरांचा थवा आकाशात उडतो. अनेकांना हा चित्रपटातला उत्कट क्षण वाटतो. माझ्या दृष्टीने त्याच्या पुढचा भाग जास्त मोठा आहे. सर्वजया एका श्रीमंत घरी स्वयंपाकीण म्हणून राहते. आपला मुलगा मालकाची सेवा करताना तिला दिसतो, आणि ती काही न बोलता गावाकडे परतायचे ठरवते. वैधव्याचे दुःख तिने गिळले होते. मुलगा नोकर होणार हे मात्र गिळता आले नाही. शैव्येच्या वस्त्राला धरून ओढत गेलेला मुलगा इथे पुन्हा भेटतो, आणि या वेळी आई त्याला परत घेऊन जाते.

मराठी वाचकाला एकच विनंती आहे. 'कफन' वाचायला अर्धा तासही लागत नाही आणि तिचे मराठी अनुवाद मिळतात. हिंदी येत असेल तर मूळच वाचा, भाषा साधी आहे. मुक्तेश्वराचे हरिश्चंद्राख्यान घरात किंवा जवळच्या ग्रंथालयात असेल तर ते आधी काढा, मग 'कफन', आणि त्यानंतर 'मुर्दहिया'. हाच क्रम ठेवा. काशीला गेलात तर या वाचनानंतर जा, आणि हरिश्चंद्र घाटावर चितांचे फोटो काढू नका. तिथे कोणाचे तरी घर नुकतेच मोडलेले असते.